सगळ्या बरोबर नाहीत

निपाणीत दुपारी वखारीकडून वारा सुटला
की वर्गात आधी पहिल्या बाकाला शिंक येते, मग मला.
तशीच एक शिंक आवरत मी फळ्यावर लिहिलं:
प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो, असा की
आणि मागे वळलो, तर श्रीदेवी कमतेच्या वहीत
डेल्टा आधीच येऊन बसलेला.

"क्रम बदलला तर काय बिघडतं, सर?"

म्हटलं, प्रत्येक कुलपाला एक किल्ली असते,
हे झालं दुकान.
एक किल्ली असते, जी प्रत्येक कुलपाला लागते,
हा झाला चोर.
वर्ग हसला. ती वहीत बघत राहिली.

मग मी भाषेवर घसरलो, माझी जुनी खोड.
हजेरी घेताना मी म्हणतो, "सगळे आले नाहीत."
म्हणजे काही आले? की कुणीच नाही?
मागून मल्लिकार्जुन ओरडला,
"कन्नडातबी तसंच की, सर! एल्लारू बंदिल्ला!"
पाट्यांवरची अक्षरं जिथं रात्रीतून काळी होतात
तिथं ही फट मात्र दोन्ही भाषांत
सारख्याच रुंदीची.

शनिवारी ती आईबरोबर बिडी कारखान्यात गेली.
तायव्वाच्या सुपात चाळीस कट्टे, पंचवीस-पंचवीसचे.
चेकरनं एक कट्टा सोडला, दोन बिड्या चिमटीत फिरवल्या,
म्हणाला, "सगळ्या बरोबर नाहीत,"
आणि आठ कट्टे छाटीत टाकले.

श्रीदेवी म्हणाली, "एकही बरोबर नाही,
का एक तरी बरोबर नाही?"
"काय?"
"एक तरी म्हणत असाल तर ती दाखवा, तेवढीच काढा.
एकही नाही म्हणत असाल
तर हजार बघायला लागतील. मी थांबते."

रांग थांबली. सुपं मांडीवरून खाली आली.
चेकरनं पुन्हा शोधलं, बराच वेळ,
आणि तोंड न मुडपलेली एक बिडी
तिच्या तळव्यावर ठेवली.
नऊशे नव्व्याण्णव लिहिले.

हे तिनं मला सोमवारी सांगितलं, फुशारकी न मारता.
मी खूश. एका उदाहरणानं 'सगळे' कोसळतं,
हे मी दरवर्षी शिकवतो.
पुढच्या शनिवारी तायव्वाला मिळालेली पानं
निम्मी वाळकी, शिरांशी तडकलेली निघाली.
हे मी कुठल्याच वर्षी शिकवलेलं नव्हतं.

सहामाहीला प्रश्न होता: व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा.
तिनं चिन्हं बरोबर लिहिली, क्रमानं,
आणि खाली पेन्सिलीनं:

*पान कारखाना देतो, कसलंही देतो.
पत्र्याचा साचा सगळ्या पानांना एकच,
पण आई पान बघितल्याशिवाय साचा ठेवत नाही.
शीर चुकवून, प्रत्येक वेळी नव्यानं फिरवते.
आधी पान. मग कातर.
कातर आधी ठरली, तर पान फुकट जातं.*

पाचपैकी पाच दिले.
रात्री माझ्या जुन्या नोट्स काढल्या,
कडा पिवळ्या, स्टेपल गंजलेले.
पान सतरावर माझ्याच अक्षरात:
"असा एक डेल्टा असतो, कोणत्याही एप्सिलॉनसाठी."
शेपटीला लावलेलं 'कोणत्याही'.
दुकान म्हणावं तर दुकान, चोर म्हणावं तर चोर.
बावीस वर्षं हे मी सांगत आलो,
आणि मुलं उतरवून घेत आली.

खोडलं. वर नीट लिहिलं, 'प्रत्येक' पुढं आणून.
आता त्या बावीस वर्षांतल्या मुलांपैकी
सगळ्यांना समजलं नसेल
असं मनात आलं,
आणि वाक्य तिथंच ठेवून
मी दिवा घालवला नाही.